जाळीमागची शेवटची खुर्ची

इथले अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचते आहे. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी. आमच्या नागपूरच्या घरात भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं असलं काही चालायचं नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावर तोच तास पुढे चालू ठेवायचे. कुणी म्हणालं, ‘अमक्या विहिरीवर बाई दिसते’, की बाबांचा ठरलेला प्रश्न असायचा — “तू स्वतः पाहिलीस, की ऐकलंस?” ऐकलं म्हटलं की विषय संपला.

आता गंमत बघा... मी जे सांगणार आहे ते मी पाहिलेलं नाही. ऐकलेलंच आहे.

आणि आधीच एक सांगून टाकते. मिशिगनमधल्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या कानावर ‘ती ॲन आर्बरची आर्किटेक्ट, तिला म्हणे आवाज ऐकू येतात’ असं आलं असेल, तर ती मीच. तुम्ही एक बाजू ऐकलीत, आता दुसरी वाचा.

मी एका छोट्या फर्ममध्ये काम करते. जुन्या इमारतींची मापं घ्यायची, ड्रॉइंग करायची, थोडा इतिहास लिहायचा, असं आमचं काम. दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका जुन्या कॉन्व्हेंटच्या, म्हणजे नन्सच्या मठाच्या, चर्चचं काम आलं. इथल्या ट्रॉय शहरापासून गाडीनं तासाभरावर, मक्याच्या शेतांमध्ये. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीतून आलेल्या नन्सनी ते बांधून घेतलं. त्या बाहेरच्या जगात न येणाऱ्या, मौन पाळणाऱ्या नन्स होत्या. हळूहळू त्यांची संख्या घटली, उरलेल्या चार-पाचजणी वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांच्या संस्थेनं चर्च विकायला काढलं. अट एकच होती... जागा शांत बसण्यासाठीच वापरली जावी.

इमारतीची शैली रोमनेस्क. म्हणजे टोकदार नाही, गोल कमानी. शेतात सापडणाऱ्या दगडगोट्यांच्या जाड भिंती, एवढ्याएवढ्याशा खिडक्या, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर पिंपाच्या पोटासारखं गोल छत आणि शेवटी अर्ध्या घुमटाखालचा अर्धगोल भाग, जिथं वेदी असते. खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं आहेत, पण एकाही खांबाची पानं दुसऱ्यासारखी नाहीत. गवंड्यांनी आपापल्या गावाकडची झाडं कोरलीत म्हणे. वेदीच्या उजव्या हाताला एक वेगळी लांबट खोली आहे आणि तिला चर्चच्या बाजूनं लोखंडी जाळी. नन्स प्रार्थनेला तिथं बसायच्या. जाळीतून त्यांना सगळं दिसायचं, बाहेरच्यांना मात्र त्या दिसायच्या नाहीत. भिंतीला लागून ओकच्या लाकडाच्या, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांची रांग आजही आहे... म्हणजे होती.

बॉसला विचारून मी आमच्या मेश्राम काकांना चर्च दाखवायला नेलं. काका एका गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले, आणि ट्रॉयमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्हा बौद्ध मंडळींची रविवारची वंदना चालते. तीसेक माणसं, मागे घर गरम ठेवणारी, धडधडणारी फर्नेस, मुलं पायऱ्यांवर. स्वतःचा विहार व्हावा म्हणून आम्ही किती तरी वर्षं जागा बघत होतो. काका चर्चच्या दारात थांबले, वर बघितलं, खांबांकडे बघितलं, पार शेवटच्या अर्धगोलाकडे बघितलं.

“हे तर कार्ल्याचं लेणं आहे ना बाप्पा,” ते म्हणाले. “फक्त स्तूप बसवायचा राह्यला.”

खरंच होतं ते. चैत्यगृह काय, हे काय, आराखडा जवळपास तोच. काका खांबावर हात फिरवत होते आणि डोळे पुसत होते. संस्थेलाही आमची कल्पना आवडली. ध्यानाला बसणारी माणसं, आणखी काय हवं. मी ड्रॉइंग संपवायची, काकांनी बाकीचं बघायचं, फेब्रुवारीत निर्णय... असं ठरलं.

हे सगळं मी अगदी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल, तर मृणालला.

मृणाल पुण्याची. आम्ही दोघी डिपेंडंट व्हिसावर आलो तेव्हा ट्रॉयमध्ये एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. दोघींनाही कामाची परवानगी नाही, गाडी नाही, बर्फात स्ट्रोलर ढकलत लायब्ररीत जायचं. माझी मुलगी झाली तेव्हा सुमेध, माझा नवरा, विमानात अडकला होता आणि लेबर रूममध्ये माझा हात धरून मृणाल उभी होती. बहीण म्हणा, काहीही म्हणा. मी तिलाही चर्च दाखवायला घेऊन गेले. तिनं चार दिशांनी फोटो काढले. “काय जागा आहे गं,” म्हणाली, “दृष्ट लागेल.”

ऑक्टोबरमधली एक दुपार. मी चर्चमध्ये एकटीच होते, दार आतून मीच लावलं होतं. जाळीच्या खोलीत उभी राहून लेझरनं कमानीची उंची घेत होते. उन्हाची एक तिरीप जाळीतून येऊन खुर्च्यांवर पडली होती. आणि वेदीच्या बाजूनं आवाज आला.

“ऐक ना... प्रज्ञाला इतक्यात नको कळायला.”

प्रज्ञा म्हणजे मी. आवाज मृणालचा. तिची प्रत्येक गोष्ट ‘ऐक ना’नं सुरू होते, अगदी भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगायचं असलं तरी. मग एक पुरुषी पुटपुट, तिचं हसणं, आणि मग ती बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. मध्येच माझ्या अगदी जवळ, खुर्च्यांच्या टोकाला, लाकडावर बोटाच्या पेरानं ठोकल्यासारखा आवाज झाला. एकदाच. आणि सगळं गप्प.

मला भीती नाही वाटली. मला वाटलं, ती आलीय! मी “मृणाल!” करत बाहेर गेले. चर्च रिकामं. दार आतून बंद, जसं लावलं होतं तसंच. आणि मग आठवलं, मृणाल दहा दिवसांपासून पुण्यात आहे.

रात्री तिला फोन केला.

“कुठं आहेस तू?”

“कुठं म्हणजे? आईकडे. तिच्या डोळ्यात थेंब घालतेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना परवा. का गं?”

मी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. पलीकडे थेंबांची बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती हसली.

“ऐक ना, काम कमी कर जरा. आणि हे कुणाला सांगू नकोस हं, लोक काहीतरीच बोलतील. मी पण नाही सांगत कुणाला.”

नोव्हेंबरात माझा चाळिसावा वाढदिवस होता. ‘जेवायला या’ म्हणून मृणालनं घरी बोलावलं आणि दार उघडलं तर आत पन्नास माणसं, फुगे, मिसळ, आणि माझ्या कॉलेजच्या फोटोंचं भलंमोठं पोस्टर. मला मिठी मारून ती कानात म्हणाली, “बघ, हेच नको होतं कळायला तुला.”

किती हायसं वाटलं म्हणून सांगू! उत्तर मिळालं, असंच वाटलं. ती पार्टीचं ठरवत असणार, मला आतून कुठंतरी अंदाज आला असणार, रिकाम्या जागेत मनानं तो तिच्या आवाजात ऐकवला असणार. लाकडाचं म्हणाल तर थंडी सुरू झाली की जुनं लाकूड वाजतंच. बाबा असते तर पाठ थोपटली असती.

डिसेंबरात इतिहास लिहिण्यासाठी मी वृद्धाश्रमात सिस्टर ॲग्नेसना भेटले. नव्वदीच्या, पण डोळे लुकलुकते, आणि एकदा बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. म्हणाल्या, आयुष्यभराचं मौन भरून काढतेय. मी त्यांना नुसतंच विचारलं, जाळीच्या खोलीत आवाज कसा पोचायचा? ऑक्टोबरबद्दल एक अक्षरही बोलले नाही.

“तू शेवटच्या खुर्चीत बसलीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बस एकदा. वेदीजवळच्या खांबापाशी लोक पाद्रीबाबांना आपली पापं सांगायला यायचे. अगदी कुजबुजत. पण तो वरचा घुमट आहे ना, तो ती कुजबुज उचलून नेमकी शेवटच्या खुर्चीत आणून टाकायचा. बाकी कुठं नाही, तिथंच. आता आम्ही तर मौनातल्या. ओरडून सांगणार कसं की बाबा रे, ऐकू येतंय? म्हणून रीत पडली. जिला ऐकू येईल तिनं खुर्चीच्या हातावर एकदा ठोकायचं. बोलणारा समजायचा आणि गप्प व्हायचा.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चुकून ऐकू येण्यात पाप नव्हतं. ऐकत बसण्यात होतं.”

मी ते लिहून घेतलं. लिहिताना ऑक्टोबरातलं ते एकदाच ठोकणं आठवलं, हे नाकबूल करत नाही. पण घरी जाईपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं — लाकूड वाजतंच.

जानेवारीत ड्रॉइंग जुळवताना खुर्च्यांच्या रांगेची लांबी काही केल्या बसेना, म्हणून एका शनिवारी दुपारी परत गेले. बाहेर भरपूर बर्फ होता. मी नन्सच्या राहत्या भागातून, मागच्या दारानं आत शिरले, त्यामुळे पुढे कुणाची गाडी आहे की नाही ते दिसलं नाही. मृणाल मला म्हणाली होती की या वीकेंडला ती आणि नचिकेत शिकागोला चाललेत. नचिकेत म्हणजे तिचा नवरा, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. हातमोजे काढायला म्हणून मी खुर्चीत टेकले. टोकाच्याच, कारण दाराजवळ तीच होती.

“ऐक ना... प्रज्ञाला इतक्यात नको कळायला.”

तोच सूर. ‘इतक्यात’वरचा तोच हेल. नंतरची पुटपुट या वेळी स्पष्ट होती. तो नचिकेत होता.

“पण कळणारच ना कधीतरी. जागा तिनंच दाखवली तुला.”

ती हसली. मला माहीत होतं की ती आता हसणार. ऑक्टोबरात जे ऐकू येऊनही लागलं नव्हतं, ते आता कुणीतरी कानाशी येऊन वाचून दाखवल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

“अरे, आपलं मंडळ एवढं मोठं, आणि गणपतीला शाळेचा हॉल मागत फिरायचं? त्यांची तीस माणसं, बेसमेंटमध्ये चाललंय की छान. आणि एकदा तिथं विहार झाला की मग संपलंच. प्रज्ञाचं वेगळं आहे रे, ती आपल्या घरातली आहे. ती त्यांच्यातली वाटतच नाही कधी. पण म्हणून सगळ्यांनाच... आणि तिला वाईट वाटेल ते वाटू दे, बोलणार नाही ती काही. तिचा स्वभावच नाही तो.”

त्या वाक्यावर माझा हात आपोआप खुर्चीच्या हातावर गेला आणि मी ठोकलं. ठरवून नाही. सिस्टर ॲग्नेसची रीत आठवली असंही नाही. हात गेला, एवढंच.

टक्. एकदाच. आणि सगळं गप्प.

तो आवाज मी ओळखला. ऑक्टोबरात माझ्या जवळ जे वाजलं होतं, ते हेच. लाकूड नव्हतं वाजलं. मी वाजवलं होतं. आत्ता. आणि ऐकलं होतं तीन महिने आधी.

मी जाळीच्या बाजूच्या दारानं बाहेर आले. मृणाल त्या खांबापाशी उभी होती, लाल कोटात, जो आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. नचिकेत गाडीच्या किल्लीकडे बघत राहिला.

“अगं, तू!” ती म्हणाली. “आम्ही ना, तुला सरप्राइजच—”

“एकदा दिलंस ना सरप्राइज,” मी म्हटलं. “मृणाल, तू आत्ता जे बोललीस, ते मी तुला ऑक्टोबरात फोनवर सांगितलं होतं. तुझ्याच शब्दांत. तरी बोललीस?”

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता रडेल, किंवा निदान ‘सॉरी’ म्हणेल. मी तेवढ्यावरही विरघळले असते, इतकी मी मूर्ख आहे. पण तिनं नचिकेतकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून अगदी हळुवार, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

“तू काय ऐकलंस कुणास ठाऊक, राणी. तुला इथं काहीबाही ऐकू येतं. तूच सांगितलंस ना मला.”

पुढच्या पंधरवड्यात हेच वाक्य माझ्या पुढेपुढे चालत राहिलं. इंडियन ग्रोसरीत एक काकू दंडावर हात ठेवून म्हणाल्या, “बरं वाटतंय ना गं आता?” मंडळातल्या एकानं सुमेधला चांगल्या डॉक्टरचा नंबर पाठवला. आणि मग संस्थेच्या ऑफिसमधून एका बाईंचा फोन आला. फार सौजन्यानं बोलल्या. तुमची तब्येत बरी नसते असं आमच्या कानावर आलंय, तुम्हाला त्या वास्तूत आवाज ऐकू येतात असंही... तुमच्या गटाकडून दुरुस्तीची सगळी जबाबदारी तुमच्यावरच आहे ना, त्यामुळे समितीला जरा काळजी वाटते. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाल्या, “तुमच्या अगदी जवळच्या मैत्रिणीनं. तिला तुमची फार काळजी आहे.”

मी काय सांगणार होते त्यांना? आवाज ऐकू येत नाहीत म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं. येतात म्हणाले असते तर संपलंच. आणि ज्या एका व्यक्तीला मी ऑक्टोबरात हे सगळं सांगितलं होतं, जी म्हणू शकली असती की हो, हिनं मला आधीच सांगितलं होतं, माझा एकमेव पुरावा... ती व्यक्ती मृणाल.

चर्च मंडळाला मिळालं. ‘शांत बसण्यासाठी’ या अटीत ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ कसे बसले ते मला विचारू नका.

मेश्राम काकांना सांगायला गेले. त्यांनी चहा ठेवला.

“जाऊ दे बेटा,” म्हणाले. “बेसमेंटमध्ये काय बुद्ध येत नाही?” आणि मग चहाकडे बघत, “खांब मात्र फार सुंदर होते.” गुडघे धरून धरून ते जिना उतरतात अजून, दर रविवारी.

जागा गेली याचं दुःख आहेच. पण खोटं कशाला बोलू, रात्रंदिवस सलतं ते दुसरंच. ती त्यांच्यातली वाटतच नाही. हे ती माझ्या कौतुकानं म्हणत होती! म्हणजे इतकी वर्षं ती माझ्या घरी येत होती, माझ्या हातचं सावजी खाऊन नाक पुसत होती, माझ्या मुलीला मांडीवर घेत होती, आणि मनातल्या मनात मला माझ्या माणसांमधून उचलून बाजूला ठेवत होती. तेवढं केल्यावरच मी तिला चालत होते.

सुमेध इंजिनिअर आहे, त्यानं सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. स्मरणशक्ती दगा देते, आपण नंतर ऐकलेलं आधीच्या आठवणीत मिसळतो वगैरे. असेलही. पण ऑक्टोबरातल्या फोनवर मी जे बोलले, ते तिनंही ऐकलं होतं. वाढदिवसाला माझ्या कानात तिनं त्याचाच हवाला दिला होता. गोल कमान आणि घुमट कुजबुज इकडून तिकडे नेतात हे मी कागदावर काढून दाखवू शकते, तो माझा धंदाच आहे. पण जे अजून बोललंच गेलेलं नाही, ते कसं नेतील? एवढंच वाटतं की त्या दिवशी मी चार पावलं पुढे शेवटच्या खुर्चीत बसले असते, तर मला सगळं तेव्हाच ऐकू आलं असतं... आणि मी तरीही तिच्यावरच विश्वास ठेवला असता.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. पण गेल्या दिवाळीच्या आधी मृणालचा फोन आला. पावणेदोन वर्षांनी. नंबर बघून उचलावा की नाही कळेना, उचलला.

“ऐक ना,” ती म्हणाली.

“बोल.”

“तुझ्याकडे ती ड्रॉइंग आहेत ना अजून? चर्चची. ती जाळी होती ना, ती काढून आम्ही तिथं भिंत घातली. मागे खुर्च्यांचं स्टोअर केलंय, प्लास्टिकच्या. तर त्या भिंतीतून एखादा पाइप वगैरे जातो का गं?”

“का?”

“काही नाही गं... मी त्या खांबापाशी कुणाशी हळू बोलायला लागले, की आतून टक् करून वाजतं. एकदाच. दुसरं कुणी बोललं तर नाही. नचिकेतला तर ऐकूच येत नाही. तो म्हणतो, भास होतात तुला.”

मी ड्रॉइंग उघडलं. मीच काढलेलं होतं, तरी नीट बघितलं. जाळीच्या आसपास पाइप नाही, डक्ट नाही, काही नाही. नुसती जाळी, आणि तिच्यामागे शेवटची खुर्ची, जी आता तिथं नाही.

“पाइप असेल,” मी म्हटलं.

“हो ना? मला पण तेच वाटलं.” तिनं मोठा सुस्कारा सोडला. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “प्रज्ञा, कुणाला सांगू नकोस हं. लोक काहीतरीच बोलतील.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.

तिनंही मला हेच सांगितलं होतं. फरक इतकाच की वर मी सगळ्यांची नावं बदलली आहेत.